बाई ‘हो’ म्हणत नसत

आमच्या बाईंना आयुष्यात कोणी ‘हो’ म्हणताना ऐकलं असेल तर ते त्यांच्या लग्नात, असं मी म्हणणार होते. पण बाईंनी लग्नच केलं नव्हतं. चहा घेणार का विचारलं की ‘आणा’ म्हणायच्या. फोन उचलला की ‘बोला’. उद्या येणार ना, तर ‘दिसेनच’. रिक्षावाल्याने ‘स्टेशन ना?’ विचारलं तर ‘स्टेशन’ एवढंच म्हणून गप्प बसायच्या आणि तो बिचारा अर्ध्या रस्त्यापर्यंत आरशात बघत राहायचा. आम्हाला आधी वाटलं, हा तोरा आहे. मग वाटलं, ऐकायला कमी येत असेल. शेवटी कळलं की बाईंचा त्या शब्दावरच राग होता.

बाई ट्रॉम्बेला अणूच्या कामावर होत्या. रिटायर झाल्यावर मुलुंडला एका सोसायटीत अगदी वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आता नाशिकला भाचीकडे असतात. आमच्या घाटकोपरच्या टेकडीवर त्यांना एका संस्थेने पाठवलं होतं. वस्तीतल्या लोकांनी हवामानाच्या संकटात स्वतः पुढाकार कसा घ्यायचा, हे शिकवायला. बॅनरवर तसंच लिहिलं होतं. ट्रॉम्बेच्या बाई म्हटल्यावर टेकडीवरच्या पोरांनी ठरवून टाकलं की यांच्या पर्समध्ये बॉम्ब आहे. पर्स एका बाजूने फुगलेली असायची, हे खरं. पण त्यात कांदा होता. उन्हात जाताना जवळ कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असं त्यांची आई सांगायची म्हणे. ‘यात शास्त्र काही नाही,’ बाई स्वतःच सांगायच्या, ‘पण आई होती ना ती.’ आणि कांदा परत पर्समध्ये टाकायच्या.

पहिल्या दिवशी बालवाडीच्या खोलीत आम्ही बायका दाटीवाटीने बसलो होतो. संस्थेच्या लोकांनी वडापाव मिळणार असं सांगितलं होतं, त्यामुळे हजेरी चांगली होती. बाई बोलल्या छान. झाडं गेली, सिमेंट आलं, वाफा वाढल्या, टेकडी पूर्वीपेक्षा जास्त का तापते, सगळं सोपं करून सांगितलं. मग विचारलं, ‘कळलं?’

‘हो,’ आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो.

‘सगळ्यांना?’

‘हो.’

‘मग माझं काम झालं,’ बाई म्हणाल्या. पर्स खांद्याला लावली, छत्री घेतली आणि पायऱ्या उतरून चालत्या झाल्या. वडापाव यायचे होते. माझ्या शेजारची सुरेखा म्हणाली, ‘बाई येडी आहे काय गं?’

पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘पृथ्वी सरकत सरकत सूर्याच्या जवळ गेली आहे, म्हणून उन्हाळा वाढलाय. कळलं?’ आम्ही म्हणालो, ‘हो.’ बाई परत गेल्या. त्याच्या पुढच्या वेळी तेच वाक्य. या वेळी सुरेखा कुरकुरली. तिचा मुलगा दहावीला होता, त्याच्याबरोबर तिचाही अभ्यास झालेला. ‘बाई, असं नसतं ते,’ ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला. बाईंनी पर्स खाली ठेवली, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि आमच्यात मांडी घालून बसल्या. ‘चला,’ म्हणाल्या, ‘आता सुरुवात करू.’

ज्या सभेत सगळे हो म्हणतात तिथे कोणी ऐकत नसतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून आमच्यात ‘हो’ला बंदी झाली. पटलं असेल तर काय पटलं ते सांगायचं, नसेल पटलं तर भांडायचं. भांडणाचं आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. नळावर रोजचा सराव होता.

आणखी एका शब्दाचा त्यांना तिटकारा होता. संस्थेचे साहेब एकदा येऊन ‘महिलांमध्ये जनजागृती’ असं काहीतरी बोलायला लागले. बाई मध्येच म्हणाल्या, ‘या बायका पहाटे उठून पाणी भरतात. तुम्ही किती वाजता उठता?’ साहेबांनी विषय बदलला. मला बाई त्या दिवशी पहिल्यांदा आवडल्या.

त्यांची शिकवायची रीतही अशीच आडवी. भिंतीवर लावायचे साधे थर्मामीटर त्यांनी आम्हाला वाटले आणि म्हणाल्या, ‘घरात टांगा. दुपारी एकमेकींच्या घरी जा, बघा आणि मला न सांगता आपसात बोला.’ आता दुसरीच्या घरात डोकावायला निमित्त मिळालं तर बायका सोडतात होय? आठवडाभर दुपारची नुसती जा-ये. कोणाच्या घरी माळा आहे, कोणी पत्र्यावर गोणपाट टाकलंय, कोणाचा पंखा गरम वाराच खाली ढकलतोय, सगळं कळलं. बाहेर उन्हात असतं त्यापेक्षा आमच्या पत्र्याखाली जास्त तापतं, हे प्रत्येकीला अंगाने माहीत होतं. पण सगळ्यांच्या घरी तसंच आहे, हे आधी कोणी बोललं नव्हतं. जी ती समजत होती की आपलीच खोली वाईट.

आणि त्याच आठवड्यात टेकडीवरची सगळ्यात थंड जागा सापडली. गणपती मंडळाची खोली. वर स्लॅब, मागे उंबराचं मोठं झाड, खाली दरीकडे उघडणारी खिडकी. सुरेखाने खिडकीच्या गजातून हात घालून थर्मामीटर आत धरला, तर पारा खाली यायला लागला. खोलीला कुलूप होतं. वर्षातून गणपतीत आणि पूजेला उघडायची. एरवी आत मखर, ढोल आणि कॅरमचा बोर्ड आरामात असायचे.

हे सगळं आम्हाला तेव्हा गंमतच वाटत होतं. मग एप्रिलमध्ये माझे बाबा पडले.

बाबा गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा लालबागची खोली गेली आणि ते आम्हाला घेऊन या टेकडीवर आले. माझ्या नवऱ्याने घरजावई म्हणून टोमणे खाल्ले, पण बाबांना एकटं राहू दिलं नाही. त्या दुपारी मी मशीनवर फॉल लावत होते. बाबा पाणी प्यायला उठले आणि मोरीपाशीच बसले. हात लावला तर अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. माझ्याकडे बघून गिरणीतल्या मुकादमाशी बोलत होते. चार जणांनी खुर्चीत बसवून त्यांना पायऱ्यांवरून खाली नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘यांना दुपारचं त्या पत्र्याखाली ठेवू नका. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचतीलच असं नाही.’

‘मग कुठे ठेवू?’ मी विचारलं.

‘ते तुम्ही बघा,’ डॉक्टर म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

मंडळाचा अध्यक्ष दिलीप. माझ्या वर्गातला. शाळेत माझी पेन्सिल चोरायचा, आता शर्टाच्या खिशात दोन पेनं लावतो. मी त्याच्याकडे गेले. ‘दिल्या, खोलीची चावी दे. दुपारचे चार तास म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं तिथे बसतील. बस्स.’

‘तुझं बरोबर आहे गं,’ तो म्हणाला, ‘पण खोली गणपतीची आहे ना. आज म्हातारे बसतील, उद्या कोणी संसार मांडेल. पायंडा पडतो यार. मीटिंगमध्ये ठेवतो.’

मीटिंगमध्ये ठेवलं म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. मी बाईंना फोन लावला. आमच्या नगरसेवकाने एका कार्यक्रमात बाईंना शाल दिली होती, वाकून नमस्कार केला होता. बाईंनी एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत चावी माझ्या हातात आली असती. मी तेच मागितलं.

‘नाही,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, माझे बाबा आहेत हो.’

‘माहीत आहे मला. मी फोन केला तर खोली उघडेल आणि मी गेले की बंद होईल. खोली तुमची आहे. तुम्ही उघडा.’

मी फोन आपटला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी बाईंना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलुंडला पंख्याखाली बसून तत्त्वं सांगायला काय जातं, हे त्यातल्या त्यात सभ्य वाक्य. वडील माझे मरणार आणि धडा यांचा पुरा होणार. सुरेखासुद्धा म्हणाली, ‘जाऊ दे गं, ही मोठी माणसं अशीच.’

दुसऱ्या दिवशी ऐन बाराच्या उन्हात दार वाजलं. बाई. सत्तरीची बाई ती टेकडी चढून आली होती, तोंड लालबुंद. ‘तू काम कर तुझं,’ म्हणाल्या. मोरीतून बादली घेतली, पंचा भिजवला, पिळला आणि बाबांच्या छातीवर घातला. मग पर्समधून कांदा काढून बाबांच्या उशाशी ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी पत्रा निवल्यावर उठल्या आणि गेल्या.

त्या रोज यायला लागल्या. फोन करायला तयार नव्हत्या. पण फोन न करण्याची किंमत आमच्याबरोबर पत्र्याखाली बसून मोजत होत्या. बाबांना त्यांची सोबत आवडायला लागली. बाबा गिरणीतल्या सूतखात्याच्या गोष्टी सांगायचे, बाई ट्रॉम्बेच्या कॅन्टीनच्या. बाबा विचारायचे, ‘बायनू, तुमका गरम नाय होत?’ बाई म्हणायच्या, ‘तुमच्याइतकंच होतं.’ मी मशीन चालवत ऐकायचे. राग धरून ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण समोर बसून आपल्या बापाचे पाय पुसणाऱ्या बाईवर किती दिवस राग धरणार?

तोपर्यंत आम्ही बायकांनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. अर्ज लिहिला, सह्या घेतल्या, मंडळाच्या पोरांना थर्मामीटर दाखवले. कमिटीने अर्ज वाचला, छान आहे म्हणाली आणि पुढच्या मीटिंगमध्ये ठेवला. बाईंनी विचारलं, ‘आता?’ आम्हाला सुचेना. खरं सांगायचं तर बाईंनाही सुचत नव्हतं. त्यांच्या कपाळावर ते दिसायचं. पण त्यांनी फोन केला नाही.

मे महिन्याच्या एक तारखेला मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते. आमच्या टेकडीवर निम्मी वस्ती सिंधुदुर्गातली, त्यामुळे आरती झाली की गाऱ्हाणं होतं. सगळ्यात वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. कित्येक वर्षं हा मान बाबांचा. त्या वर्षी त्यांना उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, दुसरं कोणी घालेल. बाबा म्हणाले, ‘माका खुर्ची हाड.’ मी खुर्ची आणून दिली.

बाई प्रसादाला आल्या होत्या. दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या होत्या. आतल्या गर्दीत दिलीप सगळ्यात पुढे, सोवळं नेसून.

बाबांनी हात जोडले. ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या मंडळाच्या पोरांनी तुझी जी काय सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे गरजले.

‘कोनाच्या घरात दुखना-खुपना असात, तां दूर कर रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘कोनाच्या मनात कायतरी वाकडा असात, तां सरळ कर रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’ दिलीपचा आवाज सगळ्यांच्या वर. एकदा ताल लागला की माणूस काय मागतोय इकडे लक्ष कुठे असतं? बाबांनी दम घेतला, आवाज जराही न बदलता म्हणाले, ‘आणि उद्यापासून दुपारच्या टायमाक ही तुझी खोली म्हाताऱ्याकोताऱ्यांक आणि पोराबाळांक उघडी ऱ्हवांदे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

तो आवाज भिंतींना आपटून परत आला तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपण काय म्हणून बसलो. टाळ थांबले. सगळे दिलीपकडे बघायला लागले आणि दिलीप देवाकडे.

‘आबा, हे काय?’ तो हळूच म्हणाला. ‘असं नसतं ना गाऱ्हाण्यात.’

‘मगाशी तू व्हय म्हणलंस मा?’ बाबा म्हणाले. ‘माका नाय म्हणलंस. तेका म्हणलंस. आता तू जाणा आणि तो जाणा.’ आणि प्रसादाचा द्रोण मागितला.

तेवढ्यात बाहेरून विचित्र आवाज आला. बघते तर बाई पायरीवर बसून हसत होत्या. इतक्या की डोळ्यांतून पाणी. आम्ही त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. कोणीतरी पाणी नेऊन दिलं. ‘इतके महिने मी यांना हो म्हणू नका म्हणून शिकवतेय,’ त्या मला म्हणाल्या, ‘आणि तुझ्या बाबांनी त्यांच्या होचंच कुलूप उघडलं. हे माझ्या बापाला सुचलं नसतं.’ मग चष्मा पुसत म्हणाल्या, ‘मला फार भीती वाटत होती गं. तुझे बाबा मध्येच गेले असते तर मी काय तोंड दाखवणार होते?’ तेव्हा मला कळलं की फोन न करणं त्यांनाही सोपं गेलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी चपलांत बसले आणि त्यांचा हात धरला. आभाराचे शब्द त्यांना चालत नसत.

खोली उघडली ती उघडलीच. देवापुढे शब्द गेला होता, कोण मोडणार? चावी आठवड्याआड एकेका घरी फिरते. दिलीपने स्वतः दोन माठ आणले. पुढच्या उन्हाळ्यात मंडळाच्या पोरांनी दहीहंडीचा जोर पत्र्यांवर पांढरा रंग मारण्यात घालवला, आणि गणपतीचा मांडव म्हणजे बांबू आणि कापडच की, तो उन्हाळ्यात नळापाशी रांगेवर सावलीला बांधला. दिलीपने या सगळ्याचा मोठा बॅनर लावला. वर त्याचा स्वतःचा हात जोडलेला फोटो, ‘संकल्पना’ म्हणून त्याचंच नाव. आम्ही बायका भडकलो. बाई म्हणाल्या, ‘लावू दे. त्याच्या बॅनरची पण सावली पडते.’

मग बाई आम्हालाच दुसऱ्या वस्त्यांत पाठवायला लागल्या. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मी मोठ्या तोऱ्यात सावलीचं महत्त्व सांगितलं. समोरची म्हातारी मासळीवाली म्हणाली, ‘गो बाय, ऊन नाय तर सुकट काय तुझ्या डोक्यावर सुकवू?’ मी पडलेल्या तोंडाने परत आले. बाईंना सांगितलं तर त्या खूश. ‘छान. म्हणजे तिथे लगेच सुरुवात झाली. आपल्याला तीन आठवडे लागले होते.’

बाबा अजून आहेत. हे वाक्य लिहिताना मला बाईंची आठवण येते, दर वेळी. त्यांनी फोन केला असता तर बाबा तो एक उन्हाळा वाचले असते. त्यांनी केला नाही, म्हणून नंतरचे सगळे उन्हाळे वाचले, आणि त्यांच्याबरोबर अजून कितीतरी जणांचे बाबा आणि आया. मी त्यांची ऋणी आहे. त्यांना आवडो न आवडो, इथे लिहून ठेवते.

त्यानंतर एका वर्षी बाई येईनाशा झाल्या. फोनवर ‘बोला’ म्हणायच्या तो आवाजही बारीक झालेला. मी मुलुंडला गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हातात काठी. पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्यांचं घर गच्चीच्या खाली, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली. वर्षानुवर्षं काही वाटलं नाही. आता वयाने वाटायला लागलं. दुपारी चक्कर येऊन त्या स्वयंपाकघरात पडल्या होत्या, आणि शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामवालीकडून कळलं.

‘खाली सोसायटीचा हॉल आहे ना, एसीचा?’ मी विचारलं.

‘कुलूप असतं. फंक्शनसाठी आहे तो. अर्ज दिलाय. मीटिंगमध्ये ठेवलाय म्हणाले.’

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला हसायला यायला नको होतं, पण आलं. बाई हसल्या नाहीत. ‘इतक्या टेकड्या चढले,’ त्या म्हणाल्या, ‘आणि इथे समोरच्या दारातल्या माणसाचं नाव मला माहीत नाही. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये सगळ्यांना नुसती मान हलवली. आता कोणाला जमवू?’ त्यांचे डोळे भरले होते. मला माझी ती एप्रिलची दुपार आठवली.

‘मी भेटू सेक्रेटरींना?’

‘नाही. तू भेटलीस तर...’ वाक्य त्यांचंच होतं, पुढचं मलाही पाठ होतं. मग काठीच्या मुठीकडे बघत म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी सोसायटीची वर्धापनदिनाची पूजा आहे. तुझ्या बाबांना रिक्षात बसवतं का?’

हॉल आता दुपारी उघडा असतो, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते दुसरंच.

रविवारी बाबांनी पांढरा शर्ट, टोपी घातली. खिशात ताजा कांदा घेतला, बाईंना परत द्यायला. घाटकोपर ते मुलुंड रिक्षात सगळ्या सिग्नलना रिक्षावाल्याला सांगत होते की आमच्या बाईंच्या सोसायटीत गाऱ्हाणं घालूक चाललंय. हॉलमध्ये गारेगार. खुर्च्यांवर माणसं नीटनेटकी बसलेली, सगळ्या भाषांची. बाई मागच्या रांगेत, कोणाशी काही न बोलता. बाईंनी आधी ‘गाऱ्हाणं ठेवतेय’ एवढंच कळवलं होतं, त्यामुळे सेक्रेटरींना वाटलं कोकणी लोककलेचा कार्यक्रम आहे. त्यांनी माईक दिला. बाबांनी तो बाजूला ठेवला. आरती झाली. बाबा देवापुढे उभे राहिले. या वेळी खुर्ची लागली नाही.

‘बा देवा म्हाराजा,’ बाबा म्हणाले, ‘ह्या बिल्डिंगीतल्या लेकरांनी तुझी जी सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.’

आणि थांबले.

कोणालाच काही ठाऊक नव्हतं. दोन-तीन जणांनी मोबाईल वर धरले. एका बाईंनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि परत खाली घेतले. मी तोंड उघडणार होते, पण बाबांनी डोळ्यांनीच मला दटावलं. मी या सोसायटीतली नव्हते. इथलंच कोणीतरी म्हणायला हवं होतं, नाहीतर गाऱ्हाणं पुढे जात नाही. बाबा हात जोडून तसेच उभे. एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग मागच्या रांगेत काठी टेकल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली. सगळ्यांनी माना वळवल्या. ज्या बाईचं नाव त्यांच्यापैकी फारसं कोणाला माहीत नव्हतं, ती उठून उभी राहिली होती आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’